गावच्या ग्रंथालयात एल्फिन्स्टनवर बोलायचं असेल तर

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवरच्या माझ्या पहिल्या व्याख्यानाला मी तोंडावर आपटले ती एका स्टेशनामुळे. बत्तीस वर्षं आठवी-नववीला इतिहास शिकवलेला, त्यामुळे निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयाने बोलावलं तेव्हा तयारीची गरजच वाटली नाही. बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन ते यांच्याच नावाचं." तिसऱ्या रांगेत रेल्वेतून निवृत्त झालेले एक आप्पा बसले होते. मधे बोलले नाहीत, सभ्य माणूस. आभारप्रदर्शन झाल्यावर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तो एल्फिन्स्टन वेगळा. तुमच्यावाल्याचा पुतण्या." घरी येईपर्यंत कान गरम होते.

त्यानंतर याच विषयावर मी पंधरा-सोळा ठिकाणी बोलले. हल्ली तरुण शिक्षक विचारतात, बाई, असल्या इंग्रज साहेबावर आपल्या लोकांसमोर बोलायचं कसं? कौतुक केलं तर लोक चिडतात, शिव्या दिल्या तर टाळ्या पडतात पण हाती काही लागत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी माणूस नक्की करा. एल्फिन्स्टन तीन आहेत. आपला माउंटस्टुअर्ट: जन्म ६ ऑक्टोबर १७७९, स्कॉटलंड, पुण्याचा रेसिडेंट (म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील), मग १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. दुसरा त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर, म्हणजे सत्तावन्नच्या वेळचा. स्टेशन याच्या नावाचं होतं, २०१८ मध्ये त्याचं प्रभादेवी झालं. तिसरा जनरल विल्यम, आपल्याच्या चुलत नात्यातला, ज्याच्या हाताखालची फौज जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून परतताना कापली गेली. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज मात्र आपल्याचंच. ही तीन नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि व्याख्यानाच्या दुसऱ्या मिनिटाला सांगून टाका. सभागृहात एक तरी आप्पा असतोच.

आता सुरुवात. जन्मापासून सुरू करू नका. 'अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा' हे वाक्य उच्चारलं की मागच्या रांगेतले मोबाइल काढतात. ज्या गावात बोलताय तिथून सर्वात जवळ जो दिवस घडला, तिथून सुरू करा. साताऱ्याकडे मी ११ फेब्रुवारी १८१८ पासून सुरू करते. पुण्यात असाल तर खडकीची लढाई, नागपुरात असाल तर १८०४, कारण त्या साली हा पंचविशीतला पोरगा भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून बसला. अचलपूरकडे गाविलगड घ्या. १८०३ साली आर्थर वेलस्लीबरोबर असईपासून गाविलगडापर्यंतच्या मोहिमेत तो होता, आणि वेलस्ली त्याला म्हणाला होता म्हणतात, की तू चुकून मुलकी नोकरीत आलास, शिपाईच व्हायला हवा होतास.

साताऱ्याची सुरुवात कशी करते ते सांगते, म्हणजे पद्धत कळेल. १० फेब्रुवारी १८१८ ला अजिंक्यतारा इंग्रजांच्या ताब्यात आला. दुसऱ्या दिवशी एल्फिन्स्टनने साताऱ्यातून जाहीरनामा काढला. त्यात काय होतं? पेशव्याचं, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचं, राज्य संपलं. छत्रपतींना छोटंसं राज्य मिळेल. वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं चालू राहतील. मामलती, म्हणजे महसूल वसुलीचे अधिकार, मक्त्याने देण्याची पद्धत बंद. एवढं सांगून मी थांबते आणि श्रोत्यांना विचारते, "त्या दिवशी छत्रपती कुठे होते?" कुणी म्हणतं वाड्यात, कुणी म्हणतं किल्ल्यावर. खरं तर प्रतापसिंह महाराज तेव्हा बाजीरावाच्या पळत्या छावणीत होते, त्याच्या ताब्यात. इंग्रजांच्या हाती ते लागले नऊ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, सोलापूरकडच्या आष्टीच्या लढाईत, जिथे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. म्हणजे राजा हातात नसताना राज्य देऊ केलं होतं. हे ऐकल्यावर सभागृह सरळ होऊन बसतं. साहेबाचा स्वभाव समजवायला वेगळं विशेषण लागत नाही.

जाहीरनाम्यातलं एकेक कलम कुणासाठी होतं तेही उलगडून दाखवा. वतनं राहतील, हे पाटील-कुलकर्ण्यांना. वर्षासनं राहतील, हे वाई-पुण्याच्या भटभिक्षुकांना. मक्ता बंद, हे कुणब्याला. कारण बाजीरावाच्या शेवटच्या वर्षांत मामलती जवळजवळ लिलावाने जात आणि घेणारा आपले पैसे रयतेकडूनच वसूल करी. एका कागदात तिघांना वेगवेगळं आश्वासन. बाजीरावाच्या मागे फौज धावत होती, आणि त्याच वेळी त्याच्या पायाखालची सतरंजी हा कागद ओढत होता.

आता वही. दुरेघी घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे साहेब काय बोलला किंवा लिहून गेला ते, उजवीकडे पुढे काय झालं ते. एवढं एकच काम नीट केलंत तर व्याख्यानाचा अर्धा भाग आपोआप तयार होतो.

माझ्या वहीतलं थोडं उतरवते. डावीकडे: इनामं राहतील. उजवीकडे: १८५२ चं इनाम कमिशन, ज्याने घराघरातल्या सनदा मागवल्या, तपासल्या आणि पुष्कळ इनामं काढून घेतली. डावीकडे: छत्रपतींचं राज्य. उजवीकडे: १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं, १८४८ मध्ये राज्यच खालसा. इथे न्यायाने एक ओळ वाढवा, की तेव्हा इंग्लंडात म्हातारपण काढत असलेल्या एल्फिन्स्टनला हे खालसा करणं मुळीच पटलं नव्हतं. न पटून काय उपयोग, हे श्रोता विचारतो. विचारू द्या.

आणखी एक जोडी. डावीकडे: पेशवे दक्षिणा वाटत, ती एकदम बंद करायची नाही, पन्नास हजार रुपये त्यासाठी राखले. ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तीच वाढत जाऊन डेक्कन कॉलेज. (तारीख पुन्हा पाहा, साहेबाचा वाढदिवस. मला हे पंचविसाव्या वाचनात लक्षात आलं.) उजवीकडे, त्याच पुण्यात, थोडं आधी: बाजीरावाला परत आणण्याचा कट करणाऱ्यांपैकी म्होरक्यांना याच माणसाने तोफेच्या तोंडी दिलं. मुंबईच्या गव्हर्नराने सुचवलं की या कृत्याला कायद्याचं संरक्षण मागून घ्या. याने नकार दिला: मी चुकलो असेन तर मला शिक्षा व्हावी, बरोबर असेन तर संरक्षण कशाला? हे दोन्ही एकाच श्वासात सांगायचं. पाठशाळेवर दहा मिनिटं आणि तोफेवर अर्धं वाक्य, किंवा उलट, असं केलंत की तुम्ही वकील झालात.

तारखांचं एक तंत्र आहे आणि ते मला फार उशिरा सुचलं. इंग्रजी तारीख शकात आणि तिथीत आणून पाहायची. शक काढणं सोपं: पाडव्यापासून डिसेंबरअखेर इसवी सनातून ७८ वजा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा. तिथीसाठी जुनी जंत्री किंवा पंचांग जाणणारं माणूस गाठा. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ला झाली हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत होते. पोरं पाठ करत आणि विसरत. तिथी काढली तर निघाली अश्विन वद्य एकादशी, शके १७३९. म्हणजे दुसऱ्या दिवशी वसुबारस! चार दिवसांवर लक्ष्मीपूजन! घराघरात भाजणीचे वास, आणि तोफांचे आवाज. पुढचा धागाही त्याला जोडून येतो. १९ ऑक्टोबरचा दसरा बाजीरावाने मोठ्या थाटात केला, गावोगावची फौज सीमोल्लंघनाच्या निमित्ताने पुण्यात जमली आणि जमली ती हललीच नाही. रेसिडेंटाला काय शिजतंय ते तिथेच कळलं. ३० ऑक्टोबरला मुंबईहून गोरी पलटण पोहोचली, १ नोव्हेंबरला पुण्यातल्या गारपिरावरची इंग्रजांची छावणी खडकीला हलवली. दसरा ते वसुबारस एवढीच ती गोष्ट. आता बायका सुद्धा मन लावून ऐकतात. एरवी लढाई म्हटलं की त्या चहाचं बघायला उठायच्या.

लढाईचे आकडे सांगताना सांभाळा. इंग्रज सुमारे २,८००. पेशव्यांचे घोडेस्वारच १८,००० आणि वर पायदळ, असं सांगतात. इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून ८६, पेशव्यांचे ५०० च्या आसपास. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यामागे हजेरीपट असतात. दुसरा आणि चौथा मोजला कुणी? समोरच्याने, लांबून, धुरातून. जिंकणाऱ्याला शत्रू मोठा दिसणं सोयीचंही असतं. मी आकडे सांगते आणि हेही सांगते. श्रोता शहाणा असतो, त्याला फक्त शंका घ्यायची परवानगी लागते.

त्या दिवशीचं एक चित्र मात्र सोडू नका. एल्फिन्स्टन राहत होता मुळा-मुठेच्या संगमावर, रेसिडेन्सीच्या बंगल्यात; पुढे त्या परिसरात इंजिनीअरिंग कॉलेज उभं राहिलं. दुपारी मराठी फौज हलली तेव्हा तो बंगला सोडून, नदी उतरून खडकीच्या फौजेला जाऊन मिळाला. पाठीमागे बंगला पेटला. त्यात त्याची पुस्तकं आणि कागद जळाले. हा माणूस पहाटे उठून ग्रीक वाचणारा, हाफिजच्या गझला फारसीतून वाचणारा. त्याचा हाताखालचा ग्रँट डफ, ज्याने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला, तोही तिथे होता. पेशव्यांची फौज येताना पाहून त्याला खंबातच्या आखातात गर्जत चढणारी भरती आठवली. तिकडे पर्वतीवरून बाजीराव पाहत होता. ती खिडकी आजही दाखवतात. पुढे दलदल लागून घोडी अडली, जरीपटका घेतलेला मोर दीक्षित पडला, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. पुण्यात राहत असाल तर हे वाचून बोलू नका. आधी एका सकाळी संगमावर उभे राहा, मग पर्वती चढा आणि खडकीकडे बघा. अंतर डोळ्यात मावतं. माझे गुडघे गेलेत तरी मी दोनदा चढले.

दंतकथांचं काय करायचं, हा प्रश्न बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांपाशी येतो. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आलेले. एल्फिन्स्टनने बोट ठेवलं त्रिंबकजीवर, हट्टाने त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा मुद्दाम सगळा गोऱ्यांचा, म्हणजे फितुरी नको. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार. गोष्ट अशी सांगतात, की बाहेर घोड्याला खरारा करताना एक मोतद्दार रोज गाणी म्हणायचा, आणि पळून जाण्याचा सगळा बेत त्या गाण्यांत होता. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं! ही गोष्ट दहा वर्षांनी एका बिशपने ऐकून लिहून ठेवली. खरी की खोटी, मी ठरवत नाही. मी म्हणते, "पळाला हे पक्कं, गाण्याचं सांगतात." एवढे दोन शब्द घाला आणि गोष्ट मनसोक्त रंगवा. गाळू नका. ज्या गोष्टीत मराठी भाषाच किल्ली झाली, ती मराठी सभागृहात गाळायची म्हणजे काय!

पण त्या पळण्याचे परिणाम रंगवून नाही, नीट सांगा. त्रिंबकजी सुटल्याचं निमित्त करून मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने सिंहगड, पुरंदर, रायगड तारण म्हणून मागितले, आणि जूनमध्ये पुण्याचा तह बाजीरावाच्या गळी उतरवला. मराठ्यांचं पुढारपण सोडलं असं त्यात पेशव्याकडून लिहून घेतलं. पाच महिन्यांनी खडकी. एका वकिलाच्या खुनापासून राज्य जाण्यापर्यंत सव्वादोन वर्षं, आणि या सगळ्या काळात समोरच्या बाजूला हाच एक माणूस, चाळिशीही न गाठलेला.

बालपण, बनारस, काबूल हे मी पाच मिनिटांत आटोपते. सोळाव्या वर्षी कलकत्त्याला आला. १७९९ मध्ये बनारसला वजीर अलीने इंग्रजांची कत्तल केली तेव्हा घोड्यावर बसून वाचला. १८०८-०९ मध्ये काबूलच्या बादशहाकडे वकिलात घेऊन गेला, त्यावर भलंमोठं पुस्तक लिहिलं. पण काबूल पाहिलंच नाही, शाह शुजा त्याला पेशावरला भेटला. हे सांगितलं की लोक हसतात. हशा लागतोच एक तासात एखादा.

गव्हर्नरकीची आठ वर्षं अवघड, कारण तिथे घोडे नाहीत, कागद आहेत. १८२७ ची कायद्याची संहिता, पंचायतींना न्यायाचं काम देण्याची खटपट, १८२४ चं शिक्षणावरचं टिपण. मी यातलं शेवटचंच घेते आणि एका तंबूतली गोष्ट सांगते. ब्रिग्ज नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने नोंदवलेली आहे. तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांची चळत होती. ब्रिग्जने विचारलं, ही कशाला? एल्फिन्स्टन म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला. पण आपल्याला युरोपात परत नेणारा हमरस्ताही हाच. ही गोष्ट मी सावकाश सांगते. मग १८२७ मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले, त्यातून पुढे त्याच्या नावाचं कॉलेज झालं, तिथे बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवलं, दादाभाई नौरोजी शिकले आणि प्राध्यापक झाले, रानडे शिकले, भांडारकर शिकले. नावं नुसती ओळीने घ्यायची. भाष्य करायचं नाही. पहिल्या काही खेपांना मी इथे भाष्य करायची आणि ते नेहमी पडायचं.

शेवट त्याच्या मरणाने करायचा मोह आवरा. दोनदा गव्हर्नर-जनरलपद नाकारलं, लग्न केलं नाही, सरेमधल्या घरी वाचत बसला, २० नोव्हेंबर १८५९ ला गेला. तीन ओळी पुष्कळ झाल्या.

पन्नास मिनिटं बोला, वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा. पहिला प्रश्न ठरलेला: "मग तो चांगला की वाईट?" मी वही उघडून एक जोडी वाचून दाखवते आणि विचारणाऱ्यालाच म्हणते, तुम्ही सांगा. दुसरा प्रश्न बाजीरावाचा असतो, आणि त्यावर दोन म्हातारे आपसात भांडतात. भांडू द्या, त्यात वेळ बरा जातो. पाणी आपलं आपण न्या. ध्वनिक्षेपकाचा भरवसा धरू नका. एल्फिन्स्टनचं चित्र दाखवणार असाल तर नाव नीट तपासून घ्या. एकदा एका ठिकाणी माझ्या मागे पडद्यावर पुतण्याच झळकत होता, आणि मी तासभर त्याच्याकडे पाठ करून काकाबद्दल बोलत होते.

आणि साताऱ्या-वाईकडे असाल तर व्याख्यान संपल्यावर लगेच निघू नका. कुणीतरी पिशवीतून कागद काढतं. मोडीतला, घडीवर विरलेला, कधी प्लॅस्टिकच्या कव्हरात कोंबलेला. "बाई, आमच्या इनामाची सनद आहे म्हणतात, बघा जरा." घडी झटक्यात उघडू नका, तुकडे हातात येतात. टेबल पुसून घ्या, त्यावर कागद ठेवून ज्याचा आहे त्यालाच उघडू द्या. तिथल्या तिथे दोन-तीन फोटो काढायला सांगा, उजेड एका बाजूने घेऊन. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका हे दोनदा बजावा, कारण घरी जाताच कुणीतरी ते करतंच. स्वतः मोडी येत नसेल तर अंदाजाने वाचू नका, मोडी वाचणाऱ्याकडे धाडा. पाठीमागे मात्र नक्की बघा. इनाम कमिशनपुढे गेलेल्या कागदांवर कधी कधी शेरा असतो. मागच्या वर्षी एका आजोबांच्या सनदेवर तसा निघाला. ते शेरा वाचून घेईपर्यंत उभेच होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.